टोळीला जात कोणी दिली?

हडपसरच्या रामटेकडी भागात घरफोडीचा आरोपी पकडला की बातमीच्या पट्टीवर आधी त्याची जमात येते: 'शिकलकरी टोळी जेरबंद'. सोनसाखळी चोरली असेल तर 'इराणी टोळी'. तेच कुलकर्णी आडनावाच्या पोराने केले तर तो नुसता 'सराईत चोरटा'. 'कुलकर्णी टोळी' कधी ऐकलीत?

शिकलगार हा मुळात कसबाचा शब्द. अरबी 'सैकल' म्हणजे चकाकी. फारसी 'गर' म्हणजे करणारा. तलवारींना धार आणि झळाळी देणारी ही माणसे, त्यांच्याशिवाय कुठल्याच राजाच्या फौजेचे चालत नसे. सांगली-साताऱ्याकडे शिकलगार आडनावाचे कितीतरी मुसलमान आहेत, रामटेकडीचे शिकलगार शीख. धर्म दोन, कसब एक.

जमातीवरून माणूस गुन्हेगार ठरवायची रीत इंग्रजांची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नोंद झाली. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला. त्यानंतरच्या कायद्याने 'सराईत गुन्हेगार' ठरवला तो एकेका माणसाच्या शिक्षा पाहून, निदान कागदावर तरी.

वाहिन्या मात्र अजून जुन्याच वहीतून वाचतात. पोलिसांच्या प्रेसनोटमधला शब्द जसाच्या तसा पडद्यावर जातो. जातीचा बदनामीकारक उल्लेख टाळा, असे प्रेस कौन्सिलचे संकेत सांगतात. पण ते वर्तमानपत्रांपुरते, टीव्ही त्यांच्या कक्षेबाहेर. आणि सांगलीचा एखादा शिकलगार नोकरीसाठी मगरपट्ट्यात खोली शोधायला येतो, तेव्हा घरमालकाने ती पट्टी आधीच वाचलेली असते.