डार्विनला बेटावर उतरू दिलं नाही, ती गोष्ट

शिडाच्या बोटीने एका बेट-देशातून दुसऱ्यात जाणारे आजही बंदराजवळ आले की पिवळा झेंडा चढवतात. अर्थ असा, की बोटीवर सगळे ठणठणीत आहेत, आत येऊ द्या. मग बहुतेक ठिकाणी एकटा कप्तान कागद घेऊन इमिग्रेशन आणि कस्टम्सच्या खिडक्या पालथ्या घालतो. तो परतेपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरच बसायचं.

या रिवाजामागे रोगाची भीती आहे. तिचा एक बळी तुमच्या ओळखीचा आहे.

६ जानेवारी १८३२. प्लिमथहून निघालेली ‘बीगल’ दहा दिवसांनी कॅनरी बेटांतल्या टेनेरिफसमोर आली. २२ वर्षांचा डार्विन बोट लागून पार बेजार झाला होता. पण हम्बोल्ट १७९९ मध्ये याच बेटावरच्या ज्वालामुखीवर चढला होता, आणि ते वर्णन वाचून डार्विनने टेनेरिफचा ध्यास घेतला होता. त्यापायी स्पॅनिशही शिकायला घेतली होती! इतक्यात किनाऱ्यावरून होडी आली. निरोप असा: इंग्लंडात कॉलरा आहे, बारा दिवस जहाजावरच थांबा. कप्तान फिट्झरॉय थांबायला तयार नव्हता. शिडं पुन्हा उभारली गेली.

जहाजावर कोण आजारी आहे यापेक्षा जहाज कुठून आलंय, हे महत्त्वाचं होतं. १८१७ मध्ये बंगालमधून पसरू लागलेला कॉलरा १८३१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या संडरलंडला पोचला होता. तो पाण्यातून पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, जंतू तर दूरची गोष्ट. म्हणून हसू येतं खरं. (माझी फील्डवर्कची परवानगी महिनाभर रखडली तेव्हा मात्र आलं नव्हतं.) पण हिशोब करून बघा. लागण झाल्यावर लक्षणं पाच दिवसांच्या आत दिसतात, आणि लक्षणं नसलेल्यांच्या विष्ठेतून साधारण दहा दिवसांपर्यंत जंतू बाहेर पडू शकतात. कारण माहीत नसताना धरलेले बारा दिवस मला तरी वेडेपणाचे वाटत नाहीत.

१६ जानेवारीला बीगल केप व्हर्दमधल्या सँटियागो बेटावर थांबली. तिथल्या कड्यात, समुद्रापासून बराच वर, शिंपल्यांनी भरलेला पांढरा पट्टा डार्विनला दिसला. भूशास्त्रावर आपणही पुस्तक लिहू शकू, हे पहिल्यांदा तिथेच वाटलं, असं त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवलंय.

टेनेरिफवर तो आयुष्यात कधीच उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात उजळलेलं त्याचं शिखर डेकवरून पाहिलं, तेवढंच.