आपत्कालीन वैद्यक : विशेषज्ञांच्या परीक्षा

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला तातडीच्या उपचारांतील विशेषज्ञ म्हणून मान्यता देणाऱ्या परीक्षा. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने या शाखेला २००९ मध्ये स्वतंत्र मान्यता दिली. मार्ग मुख्यतः दोन : विद्यापीठाची एमडी आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी. दोन्हींचा प्रवेश नीट-पीजीतून, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. राज्यातील एमडीची परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. रायगड जिल्ह्यात तळोज्याजवळ कामोठ्याला असलेल्या एमजीएमसारखी अभिमत विद्यापीठे आपल्या परीक्षा स्वतः घेतात. खासगी रुग्णालये परदेशी विद्यापीठांशी जोडून देतात त्या प्रमाणपत्रांना एमडी-डीएनबीचा दर्जा नाही.

एमडीला लेखी पेपर चार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येकात किमान ४० टक्के आणि एकत्रित ५० टक्के गुण हवेत. प्रबंध लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. मात्र डॉक्टरचा खरा कस लागतो तो प्रात्यक्षिकात. ईसीजी वाचणे, पुतळ्याच्या श्वासनलिकेत नळी घालणे, एकदम आलेल्या अनेक जखमींत आधी कोणाला घ्यायचे ते ठरवणे, हे सारे घड्याळ लावून चालते.

तळोज्याची रासायनिक वसाहत आणि कळंबोलीहून सुटणारा द्रुतगती मार्ग पाहता इथल्या परीक्षार्थीला विषबाधा आणि अपघात पक्के यायलाच हवेत. हायड्रोफ्लोरिक आम्लाने भाजलेले बोट वरून किरकोळ दिसते, पण वेदना असह्य असतात. फ्लोराइड शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, त्यामुळे हृदयाची लयही बिघडू शकते; म्हणून भरपूर पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळतात. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत आधी रुग्णाचे कपडे उतरवायचे, मग छातीतला स्राव सुकेपर्यंत अॅट्रोपिन वाढवत न्यायचे. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडता घेणारा इथे चुकतो.

याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन वापरून अनेकांचे प्राण वाचवले. तेव्हा देशात ही शाखाच नव्हती. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी असे इथल्या मातीतले ज्ञान आवर्जून विचारावे.

आयोगाच्या २०२० च्या निकषांत वैद्यकीय महाविद्यालयांना आपत्कालीन वैद्यक विभाग बंधनकारक होता. २०२३ च्या निकषांतून हे बंधन गेले. हा निर्णय घातक आहे. जिथे विभाग नाही तिथे एमडीच्या जागा नाहीत, आणि परीक्षेला बसणारेही नाहीत.