सात खणांचं माळवद

औसा तालुक्यातलं आमचं घर सात खणांचं. पुढं ढेलज, मग चौक, चौकाभोवती ओसऱ्या आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचं माळवद. भिंती एवढ्या रुंद की कोनाड्यात लहान मूल मांडी घालून बसावं.

या भिंतींचे उपकार आजी सांगायची. १९४८ चा उन्हाळा, निजामाचं राज्य. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचाच वकील. रझाकारांच्या धास्तीनं भाऊबंद रातोरात गाड्या जुंपून बार्शीकडं, सरहद्दीपल्याड गेले. आजी ओली बाळंतीण, ती आणि तिच्या आत्याबाई मागं राहिल्या. ज्वारी साठवायचं बळद भिंतीच्या पोटात, त्याचं तोंड वर माळवदात. "बळदात बसले रं, लेकराला पदराखाली घेऊन. आत्याबाईंनी वर फळी टाकली अन् फळीवर ज्वारी पसरली." ते लेकरू म्हणजे माझे वडील. सप्टेंबरात निजामावर भारताची पोलीस ॲक्शन झाली आणि भाऊबंद परतले.

त्याच घराची १९९३ साली भीती बसली. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारीच्या भूकंपात गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. आमच्याही तीन भिंती ढासळल्या, पण सागवानी खांब आणि तुळया जागच्या हलल्या नाहीत. काका दोन खांबांच्या मधे निजले होते, म्हणून वाचले. असे खांब टिकलेली घरं आसपास आणखीही होती.

मग घात केला कशानं? माळवद गळू नये म्हणून मिरगाआधी वर पांढरी टाकायची, पिढ्यान् पिढ्या, थरावर थर. खालचा कुणी काढत नसे, त्यामुळं वरचं ओझं वाढतच गेलं. भिंतीला आतून-बाहेरून दगडांचे दोन पदर, मधे नुसती भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब आडवा दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. पदर सुटले आणि भिंती बसल्या. लोकांनी मात्र सगळ्या माळवदांवरच राग धरला. तुळया विकल्या, पत्रे घातले. त्या पत्र्याखाली वैशाखात बसवत नाही. सुतारांच्या पिढ्यांनी उभं केलेलं कसब असं सरसकट गुन्हेगार ठरावं, हे मला आजही सहन होत नाही.

भूकंपानंतर अभियंत्यांनी भिंतीत आरपार भोक पाडून सळई-काँक्रीटचा सांधा भरायची रीत दाखवली. आम्ही तसे सांधे भरले, वरची निम्मी माती उतरवली. गल्लीत अजून दोन घरांना सागवानी खांब आहेत आणि जुन्या लाकडाचे व्यापारी भाव विचारून जातात. त्या घरमालकांना मी विनवतो, तुळई विकू नका, आधी वरची माती उतरवा.