विरेचन : एका पर्यायी शब्दाची मर्यादा

ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातील ज्या शब्दावर सर्वाधिक वाद झाले, त्या ‘कॅथार्सिस’चे स्पष्टीकरण उपलब्ध ग्रंथात मिळत नाही. शोकात्मिका करुणा व भीती यांच्या द्वारा त्या भावनांचे कॅथार्सिस साधते, एवढेच सहाव्या प्रकरणातील व्याख्येत म्हटले आहे. ‘राजनीती’त अधिक खुलाशाचे दिलेले आश्वासन उपलब्ध ग्रंथात पुरे झालेले नाही.

१८५७ साली याकोब बेर्नाइस या जर्मन पंडिताने या शब्दाचा वैद्यकीय अर्थ प्रतिपादिला. ॲरिस्टॉटलचा पिता मॅसिडोनियाच्या राजाचा वैद्य होता, हे ध्यानात घेता तो अर्थ असंभाव्य ठरत नाही. पुढे शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, गो. वि. करंदीकरांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आले. मराठी समीक्षेत रूढ झालेला ‘विरेचन’ हा पर्याय मात्र आयुर्वेदाच्या पंचकर्मांतील आहे. विरेचनाने दोष बाहेर पडतात. तेव्हा करुणा हा दोषच होय, असे या शब्दाने नकळत मान्य केले जाते. हा पक्ष वस्तुतः प्लेटोचा. आणि ॲरिस्टॉटलचे विवेचन तर त्याचेच उत्तर मानले जाते. अभिनवगुप्ताच्या मते स्थायिभाव बाहेर टाकला जात नाही, तो आस्वाद्य होतो. म्हणून विरेचन आणि रस यांचे समीकरणही टिकत नाही.

या प्रश्नाची कसोटी औरंगाबादेतच, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाहता येते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये मिलिंद महाविद्यालयात सादर झाले. युगायुगांतून चालत आलेल्या अस्पृश्यतेचे चित्रण हा त्याचा विषय. पडदा पडताच प्रेक्षकाची करुणा निचरून गेली, तर अशा नाटकाचा हेतूच विफल होतो.

तथापि यावरून ॲरिस्टॉटल निरुपयोगी ठरत नाही. तेराव्या प्रकरणानुसार करुणा वाटते ती अकारण दुःख भोगणाऱ्याविषयी, आणि भीती वाटते ती आपल्यासारख्याच मनुष्यावर आपत्ती आली म्हणून. पहिल्या भावनेत न्यायाचा निवाडा आहे, दुसरीत समानतेची ओळख. अस्पृश्यता नेमकी ही ओळखच नाकारते. १९६२ मध्ये लिऑन गोल्डन यांनी कॅथार्सिसचा अर्थ ‘बौद्धिक उलगडा’ असा लावला. ‘युगयात्रे’सारख्या नाटकाला हाच अर्थ अधिक जुळतो, कारण तेथे भावना शमवावयाची नसून तिचे कारण उमगावयाचे असते.