वेल्डिंग तारेवरील गंज

वेल्डिंग तारेवरील गंज म्हणजे दमट हवेत पोलादी तारेच्या पृष्ठभागाचे होणारे ऑक्सिडीकरण होय. कर्जत तालुक्यातील कडाव परिसरात जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत ते लवकर घडते. मिग वेल्डिंगच्या तारेवर तांब्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. त्याने विद्युतसंपर्क सुधारतो, मात्र गंजापासून पूर्ण संरक्षण मिळत नाही. गंजात धरलेल्या ओलाव्यातून वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो व सांध्यात छिद्रे किंवा तडे निर्माण होऊ शकतात. लो-हायड्रोजन रॉड सुमारे ३०० अंश सेल्सिअसवर भाजून कोरडे करता येतात. तार तशी तापवल्यास प्लॅस्टिकचे रीळच वितळेल. म्हणून काम संपताच रीळ यंत्रावरून उतरवून सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत, जमिनीपासून उंचावर ठेवतात. घामट हातांनी तार हाताळणेही टाळतात.