सरळ पाईपचा वाकडा हिशेब

पेट्रोल गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर कमी विषारी करणारा डबा, निकामी झाला की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो: डबा काढा, सरळ पाईप टाका. (डिझेलचे प्रकरण निराळे, ते येथे नको.) हा पूर्वपक्ष आधी न्यायाने मांडला पाहिजे, कारण तो अनुभवातून आला आहे. कंपनीचा अस्सल कन्व्हर्टर छोट्या गाडीलाही हजारांच्या दोन आकडी रकमेत जातो. जुन्या गाडीच्या बाजारभावाचा तो मोठा हिस्सा. पाईप त्याच्या अल्पशा अंशात बसतो. शिवाय पिकअप सुधारतो, मायलेज वाढते आणि पीयूसीही मिळते. मग हरकत काय?

पिकअपपासून सुरुवात करू. पाईप टाकल्यावर गाडी पळू लागते, हे खरे. पण कोणाच्या तुलनेत? चोक झालेल्या, आतली सिरॅमिकची जाळी वितळून वाट बुजलेल्या कन्व्हर्टरच्या तुलनेत. बुजलेली वाट मोकळी झाली की इंजिन सुटणारच. नवा कन्व्हर्टर बसवला तरी तेच होईल. धडधाकट जाळीतून धूर जवळजवळ विनाअडथळा जातो, रोजच्या चालवण्यात फरक जाणवतही नाही. मिस्त्रीने पाहिले ते खरे, काढलेला निष्कर्ष खोटा.

मायलेजचेही तसेच. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण इंजिनाचा संगणक पुढच्या ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून राखतो. तो सेन्सर कन्व्हर्टरच्या अलीकडे असतो. मागचा डबा गेला म्हणून हे प्रमाण बदलण्याचे कारण काय? बदलतो तो डब्यापलीकडच्या, मागच्या सेन्सरचा निरोप, आणि मग चेक इंजिनचा दिवा विझत नाही. त्या दिव्याची सवय झाली की उद्या खरा बिघाड झाल्यावर मालकाला कळणार कसे?

पीयूसी मिळते, हा तर माझ्या मते पूर्वपक्षाचा सर्वांत दुबळा पुरावा. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. कन्व्हर्टर नसताना, नळी नीट आत घालून केलेल्या तपासणीत ती पाळणे कठीण. तरीही प्रमाणपत्र हाती आलेच, तर ते गाडीबद्दल सांगते की तपासणाऱ्याबद्दल? आणि नायट्रोजनची ऑक्साइडे, ज्यांच्यासाठी डब्यात ऱ्होडियम घातलेले असते, ती या तपासणीत मोजलीच जात नाहीत. कायदाही गप्प नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफारामागे मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

याच डब्यासाठी देशाने पेट्रोल बदलले, हेही विसरू नये. शिशाचा लेप प्लॅटिनमवर बसून डबा मरतो, म्हणून १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा करताना शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर संपले.

आता खर्च, कारण खरी लढाई तिथे आहे. अमेरिकेत कायद्याने कन्व्हर्टरला आठ वर्षे किंवा ८०,००० मैलांची हमी द्यावी लागते. म्हणजे तो सहजासहजी मरणारी वस्तू नव्हे. त्याला बहुतेक वेळा कोणीतरी मारतो. प्लग किंवा कॉइल बिघडून इंजिन मिसिंग मारते, न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटते, जाळी वितळते. पिस्टन रिंगा झिजून इंजिन ऑइल खाते, त्यातला फॉस्फरस थर चढवतो. गतिरोधकाचा तडाखा बसून जाळी फुटते, तो प्रकार वेगळा. पण पहिल्या दोन्ही रोगांवर सरळ पाईप काय औषध करतो? रोगी तसाच राहतो. पाईप टाकणाऱ्याचा खर्च वाचत नाही, पुढे ढकलला जातो. रोग न शोधता नवा कन्व्हर्टर घालणाराही तितकाच फसतो: महिन्याभरात तोही वितळू शकतो.

उलट, स्कॅनरवर पी-०४२० हा कोड दिसला म्हणजे डबा मेलाच, असेही नाही. सायलेन्सरच्या जोडातली गळती किंवा थकलेला सेन्सर तोच कोड उठवू शकतो. स्वस्त नकली कन्व्हर्टरच्या आमिषापासूनही जपावे. त्यात मौल्यवान धातू नाममात्र असतो, आणि काम करतो तो धातूच.

याच धातूमुळे जुना डबाही भंगार नसतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू त्यातून परत काढले जातात. २०२१ मध्ये ऱ्होडियम सोन्याच्या कित्येक पट भावाने विकला गेला. पूर्वपक्षाच्या हिशेबात ही जमेची रक्कम कुठे दिसते? वाचकहो, निवाडा देण्यापूर्वी सल्ला देणाऱ्याला एवढेच विचारा: काढलेला डबा माझ्या डिकीत ठेवणार, की तुमच्या दुकानात?