बाहेर सोडलेल्या शर्टाची गोष्ट

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याला पणजीच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. पत्राच्या तळाशी एक ओळ होती : पोशाख ‘स्मार्ट कॅज्युअल’. पोरगा गोंधळला आणि थेट माझ्याकडे आला. “मामा, म्हणजे टाय लावायचा की नाही? शर्ट आत की बाहेर?” वीस-बावीस वर्षं सरकारी कारकुनी केलेल्या मामाकडे याचं उत्तर असेल असं त्याला का वाटलं, देव जाणे! पण उत्तर माझ्या कपाटात होतं. तिथे माझ्या बाबांचा एक फिकट निळा बुशशर्ट अजून घडी करून ठेवलेला आहे.

माझे आजोबा पोर्तुगीज अमदानीत फोंड्याला एका पेढीवर जमाखर्च लिहीत. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी. मे महिन्यात घामाने निथळत असले तरी पेढीवर कोट उतरायचा नाही. बाबा १९६१ च्या मुक्तीनंतर सरकारी नोकरीत लागले. त्यांनी धोतर सोडलं, कोटही सोडला आणि बुशशर्ट धरला. टेरिकॉटचा, अर्ध्या बाह्यांचा, खाली सरळ कापलेला. शर्ट पँटच्या बाहेर, पण इस्त्रीची घडी मोडलेली कधी दिसली नाही. आमच्या घरातला पहिला स्मार्ट कॅज्युअल माणूस तोच. फक्त त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता.

आमच्या गोव्यात कपडा ही साधी गोष्ट कधीच नव्हती. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये असा हुकूम होता. माणूस कुणाचा, हे त्याच्या कमरेच्या कापडावरून ठरवलं जायचं. कोकणीत शर्टाला खमीस, पँटला कालसांव आणि कोटाला कझाक म्हणतात. राज्यकर्ते गेले, पण त्यांचं कपाट आमच्या जिभेवर राहिलं!

देवाणघेवाण मात्र एकाच दिशेने झाली नाही. आज दुकानात स्मार्ट कॅज्युअल म्हणून जी खाकी पँट विकतात, तिचं नाव ‘खाक’ म्हणजे धूळ या शब्दावरून आलेलं. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने धुळीच्या रंगाचा हा गणवेश घातला आणि पुढे तो जगभर गेला. इंग्रजीतल्या ‘डंगरी’ या जाड्याभरड्या कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडलं, असं सांगतात. बुशशर्टही सैन्यातूनच आला. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांत लढणाऱ्या फौजांना पँटबाहेर सोडायचं सुती बुश जॅकेट मिळे. त्याचंच हलकं, नागरी रूप आमच्या शिंप्यांनी घरोघरी पोचवलं.

पण सैनिकाचा शर्ट कचेरीच्या खुर्चीवर बसायला वेळ लागतो. ही लढाई सगळ्यात नीट दिसते ती हवाई बेटांवर. होनोलुलूत एलरी चुन नावाच्या चिनी वंशाच्या दुकानदाराने १९३० च्या दशकात फुलापानांचे रंगीत शर्ट ‘अलोहा शर्ट’ या नावाने विकायला सुरुवात केली. पर्यटकांना ते आवडले, पण कचेरीत मात्र कोट-टायच! १९४६ मध्ये तिथल्या व्यापारी मंडळाने उन्हाळ्यात सोसवेल अशा कचेरीच्या कपड्यांचा अभ्यास करवला. शहराच्या कर्मचाऱ्यांना जून ते ऑक्टोबर साधे स्पोर्ट शर्ट घालायची मुभा मिळाली. अलोहा शर्टाला मात्र १९४७ च्या अलोहा सप्ताहापर्यंत थांबावं लागलं. मग १९६२ साली कापड व्यावसायिकांनी तिथल्या प्रत्येक आमदाराला दोन-दोन अलोहा शर्ट भेट दिले! अखेर १९६६ मध्ये ‘अलोहा फ्रायडे’ सुरू झाला. पुढे अमेरिकेत रुजलेल्या कॅज्युअल फ्रायडेचं मूळ या शुक्रवारात आहे, असं मानतात. म्हणजे पाहा, कारकुनाच्या गळ्यातला टाय सुटायला तिथे वीस वर्षं लागली.

मोकळीक मिळाली आणि नवा घोळ झाला. लोक चुरगळलेले टी-शर्ट आणि चपला घालून येऊ लागले. १९९२ मध्ये लेव्ही स्ट्रॉस कंपनीने कचेरीत साधे कपडे कसे घालावेत याची एक पुस्तिका हजारो कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना पाठवली. त्यात धंदा होताच, कारण डॉकर्स ही त्यांचीच खाकी पँट १९८६ पासून बाजारात होती. जपानात तर सरकारच पुढे आलं. २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहिमेत कचेऱ्यांतलं तापमान २८ अंशांवर ठेवा आणि कोट-टाय काढा, असं आवाहन झालं. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायशिवाय वावरू लागले.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. शर्टाचा खालचा काठ पाहा. गोलाईत कापलेला, मागेपुढे लांब असेल तर तो आत खोचण्यासाठीच शिवलेला आहे. सरळ कापलेला असेल तर बाहेर सोड, पण तो कमरपट्ट्याच्या थोडासाच खाली यावा. खांद्याची शिवण खांद्यावरच बसावी. खाकी किंवा गडद निळी पँट, पॉलिश केलेले बूट, जोडीला तशाच रंगाचा पट्टा. टाय नको. इस्त्री मात्र हवीच हवी. समोरच्यासाठी तू सकाळी दहा मिनिटं खर्च केलीस, एवढं त्याला दिसलं की झालं.

हे सांगताना माझीच एक गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लोकांचे अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसत असे. सत्तरीकडला एक म्हातारा, कमरेला पंचा आणि अंगात विटका सदरा, सकाळपासून कागद धरून उभा होता. मागून टाय लावलेला एक गृहस्थ आला आणि मी आधी त्याचा कागद घेतला. मग आणखी एकाचा. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं, माझा हातच तिकडे गेला. दीड वाजता खिडकी बंद करताना म्हातारा म्हणाला, “तुमी जेवून येयात, हांव रावतां.” त्या दिवशी डबा घशाखाली उतरला नाही.

२०१४ साली चेन्नईच्या एका क्लबात धोतर नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आत सोडलं नाही आणि तामिळनाडूला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. ती बातमी वाचताना मी त्या द्वारपालाला हसू शकलो नाही. माझ्या खिडकीवर मी तरी दुसरं काय केलं होतं?

असो. भाच्याने साधा पांढरा शर्ट खोचून मुलाखत दिली आणि नोकरी मिळवली. परवा पुन्हा आला, तो कपाटापाशीच. बुशशर्टाची उघडी कॉलर पाहून म्हणाला, “मामा, ही फॅशन तर परत आलीय! शुक्रवारी घालायला देशील?” मी दिला. इस्त्री तेवढी स्वतः कर, असं बजावून.